घाट, गिअर आणि माझं माप

चाळिशी ओलांडल्यावर मी रोड बाइक घेतली. त्याआधी सरळ दांडीच्या हँडलची हायब्रिड सायकल होती आणि तिच्यावर माझं छान चाललं होतं. रविवारी पहाटे पुण्यातल्या कोथरूडहून निघायचं, एनडीएच्या रस्त्यानं खडकवासला गाठायचं, पुढे पाण्याच्या कडेनं पानशेतच्या दिशेला जायचं, वाटेत पोहे-चहा आणि उन्हं चढायच्या आत घरी. त्या सायकलनं मला रहदारीत वावरायला शिकवलं आणि पायांत ताकद आणली. अंतर वाढत गेलं तशा मात्र दोन गोष्टी अडू लागल्या.

पहिली वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. ताशी १५ किलोमीटरला ताठ बसलं तरी बिघडत नाही. २५च्या पुढे गेलं की आपली छातीच वाऱ्याला आडवी येते. दुसरी गोष्ट हातांची. सरळ दांडीवर हात ठेवायला एकच जागा, त्यामुळे साठ-सत्तर किलोमीटरनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. रोड बाइकच्या वळलेल्या हँडलवर हातांना तीन जागा मिळतात: वरची आडवी दांडी, ब्रेकवरचे हुड आणि खालचे ड्रॉप. दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदलली की मनगट, खांदे आणि पाठ सगळ्यांवरचा भार बदलतो. मला रोड बाइक हवी होती ती यासाठी. वेग हा त्यातला एक भाग होता. मोठा भाग होता जास्त वेळ सायकलवर टिकण्याचा.

खरेदीला निघण्याआधी मी एका कागदावर माझे रस्ते लिहून काढले. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट आणि मुळशी. कात्रजचा जुना घाट आणि जुना बोगदा. खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकी. सिंहगड. पुण्यातून कुठल्याही दिशेला निघा, तासाभरात चढ येतोच. रस्त्यांचा पोतही लिहिला: ठिगळं लावलेलं डांबर, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या फटी, गावागावाच्या तोंडाशी गतिरोधक, जून ते सप्टेंबर पाऊस आणि त्याच्याबरोबर वाहून आलेली खडी. त्या कागदानं माझी अर्धी निवड करून टाकली. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर शर्यत जिंकण्यासाठी केलेली सायकल मला लागणारच नव्हती.

उरलेली निवड शरीरानं केली. माझी उंची १५८ सेंटिमीटर. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं, हे पायाचं आतलं माप. माझं ७३ सेंटिमीटर आलं. या मापाला ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) आसाच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे कळते. हे सूत्र तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लमाँड यांच्या नावानं ओळखलं जातं. माझ्यासाठी ते ६४.५ सेंटिमीटर निघालं. सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे गुडघ्याकडे बघून दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे करावे लागतात.

दुकानांमध्ये मात्र माझ्या मापाची सायकल शोधताना वेळ गेला. लहान फ्रेम कमी ठेवतात. एका ठिकाणी, ‘ताई, एक साइज मोठी आहे, पण सीट खाली करून देतो, काही फरक नाही पडत,’ असं सांगितलं गेलं. फरक पडतो. सीट खाली केल्यानं उंची जमते, पण सॅडलपासून हँडलपर्यंतची लांबी तेवढीच राहते आणि हात ताणलेले राहतात. मोठा ब्लाउज टाके घालून कमी करता येतो, फ्रेमला टाका घालता येत नाही. म्हणून मी दोन आकडे बघायला शिकले: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या आसापासून फ्रेमची पुढची नळी किती उंच येते तो स्टॅक आणि तिथपासून पुढे किती लांब जाते तो रीच. कंपन्यांच्या तक्त्यांत हे दोन्ही दिलेले असतात. एका कंपनीची ‘स्मॉल’ दुसरीच्या ‘मीडियम’एवढी असू शकते, पण मिलिमीटर सगळीकडे सारखेच असतात. शर्यतीच्या बाइकमध्ये स्टॅक कमी आणि रीच जास्त, त्यामुळे माणूस खाली आणि पुढे वाकतो. लांब पल्ल्यासाठीच्या, ज्यांना एन्ड्युरन्स म्हणतात, त्या बाइकमध्ये हँडल वर आणि जवळ येतं. माझ्या पाठीला दुसरा प्रकार मानवणार होता.

लहान चणीच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, आणखी काही गोष्टी दुकानातच तपासाव्यात. ब्रेकची लिव्हर बोटांपासून किती लांब आहे ते बघावं. आतल्या छोट्या स्क्रूनं ती जवळ आणता येते आणि हे पाच मिनिटांचं काम आहे. हँडलची रुंदी खांद्यांएवढी असावी. ४२ सेंटिमीटरचं हँडल बऱ्याच सायकलींवर सरसकट येतं, मला ३८चं लागलं. क्रँकची लांबी बघावी. मला १६५ मिलिमीटरचा बरा पडतो, १७५ वर माझा गुडघा प्रत्येक फेरीला जास्त दुमडतो. आणि पेडल आडवं ठेवून पुढचं चाक वळवून बघावं. लहान फ्रेममध्ये पायाचा चवडा चाकाला लागू शकतो. वेगात त्याचा त्रास नसतो कारण तेव्हा चाक तेवढं वळतच नाही. गल्लीत, सिग्नलला, अगदी सावकाश वळताना मात्र त्याचं भान ठेवावं लागतं.

आमच्या सायकलगटात एक निवृत्त काका आहेत. त्यांनी तरुणपणी सायकलवरूनच नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुन्हा सायकल हातात घेतली. त्यांना मी दोन-तीन मॉडेलं दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, दुकानासमोरच्या गल्लीत सगळ्याच सायकली चांगल्या चालतात. घाटात घेऊन जा.’ नवी सायकल घाटात नेऊ देणारा दुकानदार मिळणं कठीण. पण गटातल्या, माझ्याच उंचीच्या एका मैत्रिणीनं तिची कार्बनची सायकल मला कात्रजच्या जुन्या घाटासाठी दिली आणि दुसऱ्या एकीनं तिची अॅल्युमिनियमची. दोन्ही सायकलींवरून मी तोच चढ चढले. कार्बनची हलकी होती, हातांना रस्ता कमी जाणवत होता, तिच्यावर बसून आनंद झाला. पण चढाच्या शेवटच्या टप्प्यात माझे पाय जास्त ताजे राहिले ते अॅल्युमिनियमच्या सायकलवर. कारण तिच्या मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे चकत्यांच्या संचात, मोठी दातेरी चकती होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या, कपडे, सगळं मिळून साधारण ७० किलो. सायकल एक किलोनं हलकी झाली तर एकूण वजन दीड टक्क्यानंही कमी होत नाही. तासाभराच्या घाटात त्यानं एक मिनिटसुद्धा वाचत नाही. आता गिअर बघू. पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ३४ दात्यांची. मागे सर्वांत मोठी चकती २८ची असेल तर पेडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं. ३४ची असेल तर बरोबर एकदा. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. ताशी ९ किलोमीटरनं चढायचं असेल तर पहिल्या जोडीत पाय मिनिटाला ५९ फेऱ्या मारतात, दुसरीत ७१. वेग तोच, ताकदही तीच, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर आणि मांडीवर येणारा दाब दुसऱ्या जोडीत कमी. तासभर चढताना हा फरक अंगात साठत जातो. एक किलो वजन कमी करायला पन्नास हजार किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. कॅसेट बदलायला दोन-अडीच हजारांत काम होतं.

म्हणून मी ठरवलं: अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, एन्ड्युरन्स प्रकारची, डिस्क ब्रेक असलेली, आणि शिमानोचा सोरा ग्रुपसेट, म्हणजे गिअरचा संच. शिमानोच्या रोड ग्रुपसेटच्या खालच्या पायऱ्या तेव्हा चढत्या क्रमानं क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि १०५ अशा होत्या. मी घेतली तेव्हा क्लॅरिसला मागे आठ गिअर, सोराला नऊ, टियाग्राला दहा. वरच्या पायरीवर गेलं की दोन गिअरांमधली उडी लहान होते आणि पायांची लय कमी मोडते. नऊमध्ये ती लय मला सांभाळता येते. शिवाय नऊ गिअरची चेन आणि कॅसेट स्वस्त पडते आणि कुठल्याही बऱ्या सायकलच्या दुकानात मिळते. मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा असल्यानं ११-३४ ची कॅसेट त्यावर बसली. डिस्क ब्रेक घेतले ते पावसासाठी. रिम ब्रेक ओल्या कडेवर आधी पाणी पुसतात आणि मग पकडतात, घाटाच्या उतारावर तेवढा क्षण मोठा असतो.

टायरच्या बाबतीत माझा आग्रह पक्का आहे. कित्येक वर्षं रोड बाइक म्हणजे २३ मिलिमीटरचे टायर आणि दगडासारखी हवा असं समीकरण होतं. अगदी गुळगुळीत रस्त्यावर कडक टायर वेगवान. आपल्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्ड्यावर उडतो, आणि जी ताकद पुढे जायची ती सायकल आणि अंग हलवण्यात जाते. मी २८ मिलिमीटरचे टायर लावले, पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआय हवा ठेवते. माझ्या वजनाला ते पुरतं. जास्त वजनाच्या माणसाला जास्त लागेल. फ्रेममध्ये ३२च्या टायरला जागा आहे याची खात्री विकत घेतानाच करून घेतली होती. पुढे कधी रुंद टायर हवा वाटला तर सायकल बदलावी लागू नये.

रोड बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीत तो बसत नाही. पितळेचा बोटाच्या पेराएवढा अॅडॅप्टर जवळ ठेवला की काम होतं. तो, दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप आणि अॅलन की हे सॅडलखालच्या पिशवीत कायम असतं. सातारा रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. पंक्चर बहुतेक त्यांनीच होतं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हलके फिरवून ती तार शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही.

सायकल घरी आली तेव्हा निवड संपली असं घरच्यांना वाटलं. पुढचे कित्येक महिने ती चालूच होती. पहिल्या लांब राइडनंतर मानेच्या मुळाशी दुखायला लागलं, म्हणून १०० मिलिमीटरचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) काढून ८०चा लावला. हँडल दोन सेंटिमीटर जवळ आलं आणि कोपर सैल झाले. कोपर सैल असणं फार मोलाचं आहे, रस्त्याचे हादरे तिथेच जिरतात. मग सॅडल. सॅडल मऊ असावी ही समजूत लांब पल्ल्याला खरी ठरत नाही. मऊ गादीत बैठकीची हाडं रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. हाडांमधलं अंतर मोजून घेतलं आणि तेवढ्या रुंदीची, मध्ये खाच असलेली, आखूड नाकाची सॅडल लावली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर बहुधा सॅडल खाली असते, मागच्या बाजूला ओढ बसली तर वर. स्नायूंचा थकवा आणि सांध्यांची कुरकुर यांत फरक करायला शिकले. थकवा सोसायचा, बधिरपणा मात्र कधीच सोसायचा नाही. मुंग्या आल्या की थांबायचं आणि माप तपासायचं. आमच्याकडे बायका याबद्दल बोलायला संकोचतात आणि मुकाट्यानं सायकल सोडून देतात. सॅडलबद्दल, पॅड असलेल्या शॉर्टबद्दल, त्वचेला लावायच्या क्रीमबद्दल मी नव्या मैत्रिणींशी स्वतःहून बोलते.

चालवायला शिकणं हे वेगळं काम होतं. हायब्रिडवर मी जड गिअर घालून सावकाश पाय मारायचे आणि त्यालाच मेहनत समजायचे. काकांनी लय धरायला शिकवलं. सपाटीवर मिनिटाला ८५-९० फेऱ्या, चढावर सत्तरच्या आसपास. हलक्या गिअरमध्ये झपझप फिरवलं की भार हृदय आणि फुप्फुसांवर जातो, ती थांबल्यावर लवकर सावरतात. जड गिअरमध्ये भार मांड्यांवर येतो आणि त्या दुसऱ्या दिवशीही सावरत नाहीत. चढ सुरू होण्याआधी गिअर बदलायचा, चढात पाय अडकल्यावर नाही. बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर कमी करायचा म्हणजे चेन कुरकुर न करता सरकते. पुढची मोठी चेनरिंग आणि मागची मोठी चकती अशी जोडी टाळायची, त्यात चेन तिरकी ओढली जाते.

सिंहगडानं हे सगळं तपासलं. गोळेवाडीच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर, आणि तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास उंची. सरासरी चढ पुण्याच्या परिसरातल्या नेहमीच्या घाटांपेक्षा कडक, मधली काही वळणं तर अंगावर येतात. इथे सुरुवातीला सावकाश जाणं हेच कौशल्य. मी स्वतःला एक कसोटी लावली होती. शेजारच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त तीव्र असतो, म्हणून मागून गाडी नसेल तर बाहेरून वळायचं. सॅडलवर बसून चढायचं आणि अधूनमधून एक गिअर जड करून थोडं उभं राहायचं, पाठीला आराम मिळतो. ३४ची चकती संपूर्ण घाटभर माझ्याजवळ होती आणि पाय एकदाही टेकवावा लागला नाही. वर पोहोचल्यावर खाल्लेली कांदाभजी आणि मडक्यातलं दही यांची चव मी वर्णन करत नाही. जे गड पायी किंवा सायकलनं चढलेत त्यांना ती ठाऊक आहे.

उतरणं हा चढण्याइतकाच गंभीर विषय आहे. हात ड्रॉपमध्ये, कारण तिथून ब्रेकवर सर्वांत चांगली पकड मिळते आणि शरीराचा भार खाली येतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडलेला. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, पण ओल्या डांबरावर आणि खडीवर तो हळुवार दाबायचा. ब्रेक सतत घासत ठेवला की तापतो, म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नजर खड्ड्यावर ठेवली की सायकल खड्ड्यातच जाते. नजर वळणाच्या शेवटावर हवी. पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंदही होतो. तेव्हा तिकडे फिरकायचंच नाही.

गटात चालवण्याचेही नियम असतात. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर ताशी तीसच्या वेगाला पाव हिस्सा मेहनत सहज वाचते. पण आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही. तो जरा सरकला की पडतो तो मागचा. पुढचा माणूस हातानं खड्डा दाखवतो, ‘खड्डा!’ म्हणून ओरडतो, मागचा ‘गाडी!’ म्हणून सांगतो. ओरड शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं प्रत्येकाचं काम. गटातला सर्वांत हळू सायकलिस्ट मागे एकटा राहणार नाही हे बघणंही त्यातच आलं. मी एके काळी तो शेवटचा सायकलिस्ट होते आणि कुणी ना कुणी माझ्यासाठी थांबायचं.

खाण्यापिण्याचं गणित लांब राइडला आलं. दीड-दोन तासांपुढे शरीरातला साठा कमी पडू लागतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि भूक लागण्याआधी. परदेशी जेलची पाकिटं मिळतात. मला केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की मानवते. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत साखर-मिठाचं लिंबू सरबत. मार्चनंतर दहाच्या पुढे उन्हात राहायचंच नाही असा आमच्या गटाचा नियम आहे.

या तयारीला दिशा होती ती दोनशे किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची. १९०४ साली स्थापन झालेला फ्रान्समधला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या राइडना मान्यता देतो आणि भारतातले क्लब त्या भरवतात. ही शर्यत नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही पूर्ण केले की सुपर रॅन्डोनिअर. मग चार वर्षांतून एकदा होणाऱ्या, १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची वाट खुली होते. ती १८९१ पासूनची आहे. हेल्मेट, दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोचून कार्डावर नोंद करायची. मदतीला मागे गाडी नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं. साडेतेरा तासांचा अर्थ ताशी पंधराहून किंचित कमी, पण थांबे, जेवण, पंक्चर सगळं त्यातच.

आमची वाट पाचगणीची होती. पहाटेच्या अंधारात कात्रजचा जुना घाट, मग शिरवळ, खंबाटकी आणि वाईनंतर पसरणी. तीन घाट, आणि तिसरा सर्वांत लांब, साधारण १२ किलोमीटर. पसरणीत मी घड्याळाकडे बघितलं नाही, फक्त पायांची लय ऐकली. वरच्या वळणांवरून खाली वाईचं खोरं आणि धोमचं पाणी दिसत होतं. परतीला खंबाटकीचा बोगदा लागला, तिथे मागचा दिवा किती तेजस्वी असावा ते कळलं. ट्रकचा आवाज आत दुप्पट होतो, आणि आपण दिसतोय हा विश्वास हाच तिथला आधार. खेड शिवापूरला मी भरपेट पिठलं-भाकरी खाल्ली. कात्रजचा घाट उलट्या बाजूनं चढताना पाय भरून आले होते, पण मान, हात, बैठक यांची तक्रार नव्हती. मी वेळेत पोचले आणि हातात वेळ शिल्लक होता. स्टेम, सॅडल, टायर, कॅसेट, महिनोनमहिने केलेल्या बारीक बदलांचं फळ एका दिवसात पदरात पडलं.

हौशी सायकलिस्ट कुठवर जाऊ शकतो याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्यानं पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत. पेशानं डॉक्टर असलेली ही माणसं. माझं ध्येय तीनशे किलोमीटरचं आहे, पण त्यांच्यामुळे नोकरी, घर आणि सायकल यांची मोट बांधता येते यावर माझा विश्वास बसला.

आता नव्या मुली, बायका मला विचारतात, ‘ताई, कुठली घेऊ?’ मी कंपनीचं नाव सांगत नाही. आधी तुझे रस्ते लिही, मग तुझं माप घे. स्टॅक-रीचचा तक्ता बघ. मागची सर्वांत मोठी चकती किमान ३२ची, जमल्यास ३४ची आहे का विचार, आणि फ्रेममध्ये २८पेक्षा रुंद टायर मावतो का ते बघ. ठरवलेल्या पैशातला पाचवा हिस्सा सायकलीवर खर्चूच नकोस. तो हेल्मेट, दिवे, पॅडची शॉर्ट, पंप, आणि नंतर लागणाऱ्या स्टेम-सॅडलसाठी राखून ठेव. वर्षभर चालव, दर महिन्याला चेन मोजून बघ, झिजली की वेळेत बदल, म्हणजे कॅसेट वाचेल. हलकी फ्रेम, महागडी चाकं यांचा विचार त्यानंतर. तोवर तुझ्या शरीरानं आणि तुझ्या घाटांनी तुला काय हवंय ते सांगितलेलं असेल. आणि एवढं सगळं करून पैसे उरलेच, तर चांगले टायर घे. रस्त्याला टेकतात ते तेवढेच.